कमरेचा घेर

८ जानेवारी

आज सकाळी पहिली गाडी यायच्या आधी मी ट्रकच्या वजनकाट्यावर चढून उभा राहिलो. खालची माती झाडून झाली होती, आकडा शून्यावर आणला होता, आसपास कोणी नव्हतं. चपला काढून ठेवल्या. इतकी वर्षं या काट्यावर वाळू, भंगार, धान्य तोललं, पण स्वतः कधी उभा राहिलो नव्हतो. केबिनच्या काचेतून आकडा पाहिला. ऐंशी. जरा पुढे सरकलो तर नव्वद. आमचा काटा दहा किलोच्या खाली बोलतच नाही. भरलेल्या गाड्या तोलणाऱ्याच्या हिशेबात माणूस कुठला यायला. गुपचूप उतरलो आणि चपला घातल्या.

कारण कालचं आहे. धाकट्या भावाचं लिव्हर संपत आलंय. दारूचा थेंब न घेतलेला माणूस. लहानपणी आजार आतल्या आत राहिला तो आत्ता वर आला. कोणीतरी आपल्या लिव्हरचा तुकडा दिला तर तो जगेल. त्याच्या बायकोचं रक्त जुळत नाही, मुलं लहान आहेत. माझं जुळतं. पण डॉक्टरांनी मशीनवर माझ्या पोटाचा फोटो काढला तर माझ्याच लिव्हरवर चरबी निघाली. ते म्हणाले, "अशा लिव्हरचा तुकडा काढला तर तुम्हालाही धोका, त्यालाही धोका. चरबी उतरवून या. तीन महिन्यांनी परत बघू. त्यापुढे तुमच्या भावाला थांबता येईल असं मला वाटत नाही."

मी तिथेच हो म्हणून आलो. घरी हिला सांगितलं. ही मशीनवर शाळेच्या गणवेशांच्या बाह्या जोडत होती. पाय थांबवला नाही. "बरं," म्हणाली. मग दोरा तुटला म्हणून थांबली आणि सुईत ओवायला तिला बराच वेळ लागला. समजूतदार बाई आहे. दुसरी असती तर रडून घर डोक्यावर घेतलं असतं.

संध्याकाळी घरासाठी छोटा काटा आणला. तो ग्रॅमपर्यंत बोलतो.

१५ जानेवारी

रात्रीचं जेवण बंद केलंय. सकाळी बिनसाखरेचा चहा, दुपारी उकडलेली भाजी. काटा रोज उतरतोय. उठल्या उठल्या तोंडही न धुता त्यावर उभा राहतो. आकडा खाली आला की दिवस चांगला जातो. आला नाही तर दिवसभर गाड्या तोलताना तोच आकडा डोळ्यांपुढे राहतो.

गावच्या शाळेत मास्तर अक्षर सुधारावं म्हणून रोज चार ओळी लिहायला लावत. ती सवय राहिली, म्हणून दोन गाड्यांच्या मधल्या वेळात हे लिहितो. अक्षर काही सुधारलं नाही.

हिने आज ताटात वाढून ठेवलं आणि समोर बसली. मी उठलो तेव्हा म्हणाली, "दोन घास तरी खा." मी तिला आकडा सांगितला. तिने ताट झाकून ठेवलं.

२ फेब्रुवारी

केबिनची पायरी उतरताना डोळ्यांपुढे अंधारी आली. लांब मिशांचा ड्रायव्हर खालीच होता, त्याने खांद्याला धरून बसवलं. आम्ही त्याला मिशीवाला म्हणतो आणि तो मला काटेवाले म्हणतो. बारा गावचं पाणी प्यालेला माणूस आहे. त्याने पाणी पाजलं आणि विचारलं की उपास कुठल्या देवाचा धरलाय. मी म्हणालो, भावाचा. जाताना तो आपल्या डब्यातली दोन उकडलेली अंडी माझ्या टेबलावर ठेवून गेला.

त्याच्या मागच्या गाडीची पावती मी चुकीची फाडली. आजवर असं झालेलं नाही. माल तोलणाऱ्याचं डोकंच रिकामं असेल तर काट्याने काय करावं.

४ फेब्रुवारी

डॉक्टरांनी आहाराच्या बाईंकडे पाठवलं. बाई माझ्या लेकीच्या वयाच्या. मी अभिमानाने उतरलेलं वजन सांगितलं. त्या म्हणाल्या, बघू. त्यांच्याकडे हातात आणि पायाखाली धातूच्या पट्ट्या धरायचं यंत्र आहे. मग मुठीने एक दांडा दाबायला लावला, मग हात न टेकता खुर्चीतून उठायला लावलं. चौथ्या वेळी मला उठता येईना. फार लाज वाटली.

त्या म्हणाल्या, "काका, वजन उतरलंय खरं. पण गेलंय काय? पाणी आणि स्नायू. चरबी आहे तिथेच बसलीय. तुम्हाला हलकं व्हायला कोणी सांगितलं होतं?"

मला एकदम गेल्या वर्षीचा एक ट्रक आठवला. माल जास्त भरता यावा म्हणून ड्रायव्हर स्टेपनी, जॅक, साखळ्या सगळं उतरवून आला होता. काट्यावर गाडी हलकी भरली, तो खूश. पुढे अर्ध्या वाटेत चाक बसलं आणि पठ्ठ्या दिवसभर उन्हात बसून राहिला. मी त्याला हसलो होतो. आता पाहतो तर मीही स्टेपनी काढून ठेवलीय आणि भंगार मात्र आत तसंच आहे.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी चरबी हा शब्द वापरला होता. मी ऐकलं वजन. जन्मभर एकच शब्द ऐकत आलेल्या कानाला दुसरं काय ऐकू येणार.

आता पोटभर खायचं आहे. अंडी, डाळी, दही, भाज्या. साखर बंद, तळलेलं बंद, तेल चमच्याने मोजून. चालायचं, आणि वजनं उचलायची. झोपायचं. आणि घरचा काटा कपाटावर टाकायचा. मी विचारलं, मग मला कळणार कसं? त्या म्हणाल्या, "कमरेचा घेर मोजा. घरात टेप आहे का?"

मला हसूच आलं. आमच्या घरात देव सोडला तर प्रत्येकाच्या गळ्यात टेप असते.

८ फेब्रुवारी, रविवार

हिने माप घेतलं. बेंबीच्या रेषेत, श्वास सोडून, बाईंनी सांगितलं तसं. चष्मा नसला की मला टेपवरचे आकडे दिसत नाहीत, आणि असला तरी पोट आड येतं. ती सांगते, मी मानतो. माझ्या काट्यावर ड्रायव्हर मानतात तसंच.

पाण्याचे दोन डबे भरून मागच्या दारी उचलतो. शेजारचे आजोबा कुंपणापलीकडून म्हणाले, नळ गेलाय का?

२२ फेब्रुवारी, रविवार

माप तेवढंच. ही म्हणाली, "असतं एकेकाचं शरीर. नाही उतरत." फार मायेने म्हणाली.

१ मार्च, रविवार

माप तेवढंच.

काल धाकट्याकडे गेलो होतो. डोळे पिवळे झालेत, पोट फुगलंय, हात काड्यांसारखे. दारातच म्हणाला, "दादा, आपण अदलाबदल केलेली दिसते. तुझं पोट माझ्याकडे आलं." त्याची बायको आत निघून गेली. मग तो हळूच म्हणाला, तुझं लिव्हर माझ्यात बसलं की मीही सकाळी उठून गाड्या मोजायला लागेन, तेवढी एकच भीती आहे. मी हसलो. घरी येताना बसमध्ये पुढच्या सीटचा दांडा इतका घट्ट धरला होता की उतरताना बोटं सुटेनात.

त्याने एकदाही विचारलं नाही की कुठवर आलं. त्याने विचारलं असतं तर बरं झालं असतं.

८ मार्च

राहवलं नाही. ही बाजारात गेल्यावर कपाटावरून काटा काढला. वजन उतरलेलं तर नाहीच, उलट किलोभर वाढलंय. पँट चढवून पाहिली. कमरेला जशीच्या तशी बसते, हूक पूर्वीइतकाच घट्ट. लग्नापासून माझ्या पँटी हीच शिवते. पट्टा मी कधी वापरला नाही. तिला तो अपमान वाटतो. "माझ्या शिलाईला पट्टा लागत नाही," म्हणते.

म्हणजे काटाही तेच सांगतो, टेपही तेच, पँटही तेच. तीन साक्षीदार एकच गोष्ट सांगत असतील तर चौथ्याने काय बोलावं?

बाईंना फोनवर घेर सांगितला. त्या म्हणाल्या, असं व्हायला नको, एकदा येऊन जा. मी वेळ नाही म्हणालो. खरं म्हणजे तोंड दाखवायची लाज वाटते. त्यांना वाटत असेल, म्हातारा चोरून खातो.

१३ मार्च

मिशीवाला महिन्याने दिसला. केबिनच्या खिडकीत डोकं घालून म्हणाला, "काटेवाले, अर्धे राहिलात की." लोक धीर द्यायला काहीही बोलतात. मी पावती दिली.

संध्याकाळी आंघोळ करून बाहेर आलो तर मशीन चालू होतं. मला पाहून हिने पांढऱ्या गणवेशांचा ढीग पुढे ओढला. सुईत मात्र करडा दोरा होता. मी म्हणालो, पांढऱ्यावर करडा कसा? ती म्हणाली, दिवसभर बसून डोळे गेलेत माझे. खरंच, तिची झोप उडालीय. पहाटे जाग आली की ती छताकडे बघत पडलेली असते. चष्म्याचा नंबर बदलून आणायला हवा.

२० मार्च

धाकट्याला दवाखान्यात ठेवलंय. पोटातलं पाणी काढलं.

सकाळी देवापुढे उभा राहिलो, पण काही मागता येईना. काय मागू? चरबी घालव म्हणू? असल्या मागणीला आपलंच हसू येतं. हात जोडून नुसता उभा राहिलो. मन मात्र जागेवर नव्हतं. मी कुठे चुकतोय ते कळत नाही. घासागणिक विचार करतो. जिना चढताना आता दम लागत नाही, डबे हलके वाटतात म्हणून मोठे घेतले, आणि तरी पोट तसूभर हलत नाही. कदाचित माझ्या हातून हे व्हायचंच नाही. मग डॉक्टरांना आत्ताच सांगून टाकावं, म्हणजे ते दुसरीकडे बघतील. दुसरीकडे कोणी नाही, हे त्यांनाही माहीत आहे.

७ एप्रिल, मंगळवार

आज फोटो होता. नाही म्हणून सांगायचं ठरवूनच गेलो होतो. डॉक्टरांनी आधी पडदा पाहिला, मग मला, मग परत पडदा. म्हणाले, "छान काम केलंत. लिव्हर साफ आहे. आपण तारीख धरू शकतो."

मी म्हणालो, दुसऱ्या कोणाचा फोटो असेल. ते हसले आणि आहाराच्या बाईंना बोलावलं. बाईंनी आपली टेप लावली. घेर चांगला चार बोटं उतरला होता. यंत्रावर म्हणे चरबी गेलीय आणि तेवढेच स्नायू आलेत, म्हणून वजन तिथल्या तिथे. मी म्हणालो, माझ्या घरची टेप चुकत असेल. त्या म्हणाल्या, टेप कशी चुकेल काका?

पुढच्या वेळी पत्नीला घेऊन या, असं डॉक्टर म्हणाले. कागदावर त्यांचीही सही लागते.

घरी आलो तेव्हा ही गणवेश पोचवायला गेली होती. मी पँट काढली आणि उलटी केली. का केली ते सांगता येणार नाही. मागच्या शिवणीच्या दोन्ही बाजूंना जुन्या टाक्यांची भोकं होती. एक ओळ, तिच्या आत दुसरी, तिच्याही आत तिसरी. तीन वेळा आत घेतलीय. हूकही सरकवून लावलाय. दुसरी पँट काढली, तिसरी काढली. सगळ्यांचं तेच. करडा दोरा. कापड मात्र कुठेही कापलं नव्हतं. शिवणीची सगळी माया आत नीट दुमडून ठेवली होती, पुन्हा सोडता येईल अशी.

पँटी होत्या तशा ठेवल्या.

९ एप्रिल

काही बोललो नाही. राग येतो आणि टिकत नाही. ती रविवारी माझ्या कमरेला हात घालून खोटा आकडा सांगायची तेव्हा तिच्या तोंडाकडे मी कधी पाहिलंच नाही, समोरच्या भिंतीकडे पाहायचो. आज मुद्दाम पाहिलं. डोळ्यांखाली काळं आलंय. चष्म्याचा नंबर म्हणे.

एक रस्ता सोपा आहे. काही कळलंच नाही असं दाखवायचं, तिला दवाखान्यात न्यायचं, डॉक्टरांपुढे ती नाही म्हणू शकणार नाही. धाकटा वाचेल. दोन दिवस हाच विचार मनात घोळतोय. पण काट्यावर हात ठेवून घेतलेलं वजन मला कधी पटलं नाही.

१२ एप्रिल, रविवार

सकाळी ती टेप घेऊन आली. मी म्हणालो, "आज राहू दे. शिवणी पाहिल्या मी."

ती उभीच राहिली. "कधी?"

"मंगळवारी."

"मग इतके दिवस गप्प का बसलात?"

"तू किती दिवस गप्प होतीस?"

ती खाली बसली. टेप बोटाला गुंडाळायची, सोडायची. मग म्हणाली, "मी काय बोलणार होते? डॉक्टरांना हो म्हणून आलात आणि मग मला सांगितलंत. एकदा तरी विचारलंत?"

मी जानेवारीपासूनचा एकेक दिवस मनात चाळला. खरंच विचारलं नव्हतं. या वहीतही कुठे तसं लिहिलेलं सापडणार नाही.

ती म्हणाली, भाऊजी तुम्हाला जितके, तितकेच मला. मी या घरात आले तेव्हा त्यांची शाळाही संपली नव्हती. त्यांची पहिली पँट मी शिवली. मग थांबली आणि म्हणाली, "पण दोघांना एकाच दिवशी आत नेणार. बाहेर बाकावर कोण बसणार? मी. दोघांतलं कोण बाहेर येईल, ते मला कोणी मोजून सांगितलंय का?"

मी म्हणालो, "मग आता विचारतो. जाऊ का?"

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर नाही जाणार."

तिने मान वर करून पाहिलं, खरं बोलतोय की नाही ते. मग उठून आत गेली. भांडी घासल्याचा आवाज येत राहिला, घासून झालेलीच पुन्हा.

१५ एप्रिल

ती काही बोलत नाही. मीही विचारत नाही, एकदा विचारून झालंय. धाकट्याच्या बायकोचा फोन आला की मी तो बाहेर जाऊन घेतो. दोन दिवसांत पाच पावत्या पुन्हा फाडाव्या लागल्या. देवापुढे उभा राहिलो की धाकट्याचे डोळे दिसतात आणि त्यांच्या मागे हिचे. मी तिला नको तो अधिकार दिला का? की तो तिचाच होता आणि मी नुसता परत केला?

१७ एप्रिल

कामावरून आलो तर घराला कुलूप. ती अंधार पडायच्या आत आली. एकटीच डॉक्टरांकडे जाऊन आली होती. तासभर बाहेर बसली, मग आत गेली आणि मनातलं सगळं विचारून आली. तिने मला काय काय ऐकलं ते नाही सांगितलं. एक कागद पुढे ठेवला. डॉक्टरांनी त्यावर माणसाचं धड काढून काप कुठून कुठपर्यंत असेल ते रेघेने दाखवलं होतं.

म्हणाली, "हुकाची पँट चालणार नाही तुम्हाला. बरोब्बर तिथेच टोचेल."

मी काही बोलायच्या आत तिने टेप काढली. "चष्मा लावा," म्हणाली, "आणि तुम्हीच वाचा." मी वाकून वाचलं. पोट आड आलं नाही.

१९ एप्रिल

तिने मऊ कापडाचे दोन पायजमे शिवले, नाडीचे, कापाच्या बऱ्याच खाली बसतील असे. मग गणवेशांच्या उरलेल्या कापडातून आणखी दोन. मी म्हणालो, चार कशाला? ती म्हणाली, "दोन भाऊजींना. त्यांचंही माप हेच होईल थोड्या दिवसांनी."

२७ एप्रिल

दवाखान्याच्या खोलीत बसून लिहितोय. ऑपरेशन उद्या सकाळी. सिस्टरांनी वजन विचारलं. मी म्हणालो, माहीत नाही. शेजारच्या खाटेवरून धाकटा म्हणाला, "सिस्टर, हे वजनकाट्यावर नोकरीला आहेत." त्याचा आवाज अगदी बारीक झालाय, पण हसला. सिस्टरांनी मला काट्यावर उभं केलं आणि आकडा लिहून घेतला. मी पाहिला नाही. ही खिडकीपाशी बसून पायजम्याच्या नाडीला गाठ मारत होती, नाडी आत निसटू नये म्हणून.

भीती वाटते. ते लिहून ठेवतो. रात्री झोप येईल असं वाटत नाही, आणि बाकावर उद्या ती एकटी बसेल हे डोळ्यांपुढून जात नाही. लेक पहाटेच्या गाडीने निघतेय. ती पोचेपर्यंत मिशीवाला येऊन बसतो म्हणालाय. मी त्याला बोलावलं नव्हतं, हिनेच बोलावलं. तिने त्याला कधी गाठलं, देव जाणे.

डॉक्टर कागद घेऊन आले. मी पेन उचललं आणि तिच्यापुढे धरलं. तिने कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, एका शब्दापाशी थांबून डॉक्टरांना त्याचा अर्थ विचारला आणि सही केली. मग पेन माझ्याकडे दिलं. मी तिच्या नावाखाली सही केली.